घरच्या कामासाठी जुने व्हर्टिकल मिलिंग मशीन: इसार देण्याआधी टेबल तपासा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नोकरीतून निवृत्त झाला आहात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लहान लेथ आहे आणि जुन्या ऑइल इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती करण्याचा आपल्याला छंद आहे. सिलिंडरच्या बैठका आणि व्हॉल्व्हची खोबणी लेथवर व्हर्टिकल स्लाइड लावून करून पाहिली, पण मनासारखे काम झाले नाही. आता कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक टरेट पद्धतीचे, म्हणजे वळवता येणाऱ्या डोक्याचे, मिलिंग मशीन विक्रीला आहे. त्याला नुकताच रंग दिलेला आहे, टेबलाचे हँडल मधे हलके आणि दोन्ही टोकांना जड फिरते, मशीन वीजजोडणीविना उभे आहे आणि विक्रेत्याचे म्हणणे असे की, ऑइलिंग केले की सगळे हलके होईल. आपल्या घरी वीज सिंगल फेज आहे. हे मशीन घ्यावे का आणि घेण्यापूर्वी काय पाहावे, असे आपण विचारले आहे.

माझी पस्तीस वर्षे टूलरूममध्ये, आधी उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीत, मिलिंग मशीनसमोर गेली. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो ती ही की, आपण लिहिलेल्या चार मुद्द्यांपैकी हँडलचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि विक्रेत्याने दिलेले त्याचे कारण मला पटत नाही. जुन्या मशीनची मोटर बदलता येते, पट्टे आणि बेअरिंगे नवी घालता येतात, स्विच, वायरिंग, हँडल, कूलंटचा पंप हे सारे घरी बसून दुरुस्त करता येते. टेबल ज्या डोव्हटेल स्लाइडवर, म्हणजे तिरकस कडांच्या मार्गावर, सरकते ती झिजली असेल, तर मात्र ती घरी सुधारता येत नाही. ती ग्राइंडिंगला पाठवून नंतर हाताने स्क्रॅपिंग (पात्याने खरवडून सपाट करणे) करून घ्यावी लागते आणि या कामाचा खर्च मशीनच्या किमतीएवढा किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. म्हणून घरच्या वापरासाठी मशीन पाहताना सर्वांत जास्त वेळ स्लाइडसाठी द्यावा.

मधे हलके आणि टोकांना जड असे का होते, हे समजून घेतले की पुढचे सगळे सोपे जाते. कारखान्यात व्हाइस टेबलाच्या मध्यावर बांधलेला असतो आणि बहुतेक जॉब लहान असतात, त्यामुळे टेबल वर्षानुवर्षे मधल्या दीड-दोनशे मिलिमीटरमध्येच पुढे-मागे होत राहते. स्लाइडचा तेवढाच भाग झिजतो आणि टोके जवळजवळ कोरी राहतात. मग मधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढण्यासाठी ऑपरेटर गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) घट्ट करतो. मधे बरोबर बसलेली ती गिब टोकाकडच्या न झिजलेल्या भागात अडकते आणि हँडल जड होते. आपण नेमकी हीच लक्षणे लिहिली आहेत. तेल सुकून राळ झाल्यामुळे किंवा स्लाइडमध्ये घाण बसल्यामुळेही टेबल जड होते, पण तो जडपणा साधारणपणे सगळीकडे सारखा असतो.

याची खात्री तासाभरात करता येते. सोबत एक डायल (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक), एक लिव्हर डायल, मॅग्नेटिक स्टँड, मोठा स्क्रूड्रायव्हर, बॅटरी आणि स्वच्छ फडके घेऊन जावे. प्रथम स्लाइड पुसून त्यावर भरपूर तेल सोडावे आणि टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा न्यावे, म्हणजे विक्रेत्याचे ऑइलिंगचे म्हणणेही तपासले जाईल. नंतर गिबचा स्क्रू सैल करून टेबल टोकांनाही हलके फिरेल असे करावे. आता टेबल मध्यावर आणावे, स्टँड सॅडलवर (टेबल ज्यावर सरकते त्या खालच्या भागावर) बसवून डायलचे टोक टेबलाच्या समोरच्या कडेवर एका टोकाजवळ टेकवावे आणि टेबलाचे ते टोक हाताने आपल्याकडे ओढावे व परत ढकलावे. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटर हलला तर मशीन उत्तम आहे. पाच-सहा शतांशापर्यंत हलला तर छंदाच्या कामाला ते चालेल. दहा शतांशाच्या पुढे गेला तर गिब घट्ट करून टेबलाच्या मधल्या भागात काम करता येईल, पण लांब जॉबवर सरळ रेषा मिळणार नाही. असे मशीन घ्यायचेच झाले तर त्याच हिशेबाने आणि त्याच भावात घ्यावे. हे आकडे माझ्या कामातून बसलेले आहेत, एखाद्या मानकातले नाहीत, तरी त्यांनी मला आजवर फसवलेले नाही.

त्याच वेळी टेबल पूर्ण एका बाजूला नेऊन उघडी पडलेली स्लाइड बॅटरी आडवी धरून पाहावी. नव्या मशीनच्या स्लाइडवर स्क्रॅपिंगच्या किंवा फ्लेकिंगच्या खुणा असतात. त्या टोकांना स्पष्ट आणि मधे पूर्ण पुसलेल्या दिसल्या, तर झीज डोळ्यांनीच दिसली असे समजावे. लांबीच्या दिशेने नख अडकेल असे ओरखडे असतील, तर तिथे तेल पोहोचत नव्हते. बऱ्याच टरेट मशीनवर बाजूला एक हातपंप असतो आणि त्यातून बारीक नळ्यांनी सर्व स्लाइडना तेल जाते. पंप दाबून प्रत्येक स्लाइडवर तेल खरोखर उतरते का, हे पाहावे. एखादी नळी तुंबलेली असेल तर ती साफ करता येते, पण ती किती वर्षे तुंबलेली होती याचे उत्तर शेवटी स्लाइडच देते.

कोल्हापुरात या झिजेला आणखी एक कारण आहे. आपल्याकडे फाउंड्रीचे काम मोठे असल्यामुळे इथल्या बहुतेक मिलिंग मशीनांनी आयुष्यभर बिडाची कास्टिंगे कापलेली आहेत. बीड कोरडेच कापतात. त्याची काळी पूड पिठासारखी बारीक असते आणि कास्टिंग नीट साफ केलेले नसेल तर त्या पुडीत साच्याची वाळूही असते. ही पूड तेलात कालवली गेली की लॅपिंग पेस्टसारखे काम करते आणि टेबल जितके फिरेल तितकी स्लाइड खाते. म्हणून विक्रेत्याला वर्षे विचारण्याऐवजी या मशीनवर काय काम होत होते, हे विचारावे. पंचवीस वर्षे टूलरूममध्ये डाय आणि फिक्स्चर केलेले मशीन हे पाच वर्षे दोन पाळ्यांत पंपाची कास्टिंगे केलेल्या मशीनपेक्षा बहुधा चांगले निघते. विक्रेता व्यापारी असेल आणि त्याला माहिती नसेल, तर टेबलाच्या टी-स्लॉटच्या कोपऱ्यांत आणि सॅडलच्या पोटाखाली बोट फिरवावे. वंगणात मिसळलेला काळा, खरखरीत लगदा हाताला लागला तर उत्तर मिळाले.

ताज्या रंगाविषयीही इथेच सांगतो. रंग देणे हा गुन्हा नाही आणि पुष्कळ प्रामाणिक लोक मशीन स्वच्छ करून रंग देऊनच विकतात. पण सुमारे वीस वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी घेतलेल्या पहिल्या मशीनवर हिरवा रंग इतका सुंदर होता की, संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात मी टेबल फक्त मधल्या भागात फिरवून पाहिले आणि तिथल्या तिथे इसार दिला. मशीन घरी आल्यावर कळले की, टेबल टोकांना अडकू नये म्हणून गिब पूर्ण सैल करून ठेवली होती आणि सॅडलच्या एका कोपऱ्याची मोडलेली कड लांबी (पुट्टी) भरून रंगाखाली झाकली होती. ज्या व्यापाऱ्याकडून घेतले त्याने पैसे परत केले नाहीत. त्या मशीनवर मी सहा वर्षे काढली आणि प्रत्येक जॉब मध्यावर बांधून, प्रत्येक माप दोनदा घेऊन केला. तेव्हापासून मी मशीन दिवसाच्या उजेडातच पाहतो आणि रंग दिलेल्या कोपऱ्यांवर व कानांवर लहान हातोडीने हलके ठोकून पाहतो. बिडाचा आवाज टणक येतो आणि पुट्टीचा बद्द येतो.

टेबलानंतर लीड स्क्रू, म्हणजे हँडलने फिरून टेबल सरकवणारा स्क्रू, पाहावा. हँडल एका दिशेने फिरवत आणून थांबावे, हँडलवरची मापाची रिंग शून्यावर लावावी आणि उलट फिरवून टेबल हलू लागेपर्यंत किती घरे जातात ते मोजावे. हाच बॅकलॅश. तो मध्यावर आणि दोन्ही टोकांना असा तीन ठिकाणी मोजावा. तिन्हीकडे सारखा असेल तर झीज गनमेटलच्या नटाची आहे. नट दोन भागांचा असेल तर तो आवळून घेता येतो, नसेल तर नवा करून घेता येतो आणि आपल्या गावात ते काम करणाऱ्यांची वाण नाही. मधे जास्त आणि टोकांना कमी असेल तर स्क्रूच झिजलेला आहे, आणि तेव्हा नट मधे आवळला तर तो टोकांना अडकेल. पाव मिलिमीटरपर्यंतचा बॅकलॅश जुन्या मशीनला मी दोष मानत नाही, कारण नेहमी एकाच दिशेने माप घेण्याची सवय ठेवली किंवा डीआरओ (टेबलाचे माप आकड्यांत दाखवणारे उपकरण) बसवला की मापात चूक येत नाही. मात्र बॅकलॅश असलेल्या मशीनवर कटरच्या फिरण्याच्या दिशेने जॉब सरकवून, म्हणजे क्लाइम्ब मिलिंग करून, मोठा कट घेऊ नये. कटर टेबलाला स्वतःकडे खेचतो आणि जॉब, कटर किंवा बोट यांपैकी काहीतरी जाते. रिंगवरची घरे मिलिमीटरची आहेत की इंचाची, हेही पाहावे. जुन्या इंची मशीनमध्ये एका फेऱ्याला टेबल दोन दशांश इंच जाते, आणि मिलिमीटरच्या ड्रॉइंगवरून रोज काम करणाऱ्याला त्याचा कंटाळा येतो.

स्पिंडलची, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याची, परीक्षा मशीन चालू असल्याखेरीज पूर्ण होत नाही, तरी अर्धी तपासणी हातानेही होते. टेपर, म्हणजे कटर बसवण्याचे स्पिंडलच्या तोंडातले निमुळते भोक, पुसून घ्यावा, लिव्हर डायलचे टोक टेपरच्या आतल्या भिंतीला लावावे आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवावा. काटा एक शतांशाच्या आत राहिला पाहिजे. कोलेटमध्ये (कटर पकडणाऱ्या चिरलेल्या नळीत) दांडा धरून हे पाहू नये, कारण तेव्हा कोलेटची चूकही स्पिंडलच्या माथी येते. नंतर डायल स्पिंडलच्या तोंडाशी लावून खालून लाकडी दांड्याने वर रेटावे, म्हणजे बेअरिंगचा उभा प्ले कळतो. हा प्ले हाताला जाणवला तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करावा. क्विल (स्पिंडलसह वर-खाली होणारी नळी) पूर्ण खाली उतरवून तिचे तोंड बाजूला हलवून पाहावे. ती लॉक केल्यावर जराही हलता कामा नये.

टेपर कोणता आहे, हे विचारायला लोक विसरतात आणि नंतर टूलिंग घेताना अडतात. अमेरिकेतील ब्रिजपोर्ट कंपनीने १९३८ मध्ये टरेट मिलिंग मशीन बाजारात आणले. त्या घराण्याच्या मशीनमध्ये बहुधा आर-८ टेपर असतो आणि त्याचा ड्रॉ बार (कोलेट वरून आवळणारा लांब बोल्ट) सात-सोळांश इंचाचा, इंचाला वीस आट्यांचा असतो. आपल्याकडच्या बऱ्याच मशीनमध्ये आयएसओ ३० किंवा आयएसओ ४० टेपर मिळतो. दोन्ही प्रकार चांगले आहेत. आर-८ च्या कोलेटमध्ये कटर थेट धरता येतो, त्यामुळे उंची वाचते आणि खर्चही कमी होतो. आयएसओ ४० जास्त दणकट असतो आणि कारखान्यांतून निघालेले जुने आर्बर (कटर धरणारे दांडे) त्याला सहज मिळतात. आर-८ स्पिंडलच्या आत कोलेट फिरू नये म्हणून एक लहान पिन असते, ती तुटलेली असल्यास घाबरू नये.

नी, म्हणजे कॉलमवर वर-खाली होणारा आणि टेबलाला पोटाखालून आधार देणारा भाग, याची झीज एका सोप्या कृतीने कळते. डायल स्पिंडलला लावून तिचे टोक टेबलावर टेकवावे आणि नीचे लॉक आवळावे व सोडावे. काटा दोन-तीन शतांशापेक्षा जास्त हलत असेल तर कॉलमच्या स्लाइडमध्ये प्ले आहे. डोके टेबलाला काटकोनात नसेल तर तो मात्र दोष नव्हे. टरेट मशीनचे डोके वळवण्यासाठीच असते आणि ते डायलने पंधरा मिनिटांत सरळ करता येते. टेबलाच्या वरच्या बाजूला ड्रिलची छिद्रे आणि कटरच्या चंद्रकोरी दिसतील. त्यांनी अचूकता फारशी बिघडत नाही, पण मशीन किती बेफिकीर हातांत होते ते समजते.

पुराच्या पाण्याचा प्रश्न आपल्या भागात विचारलाच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले, कृष्णेने सांगलीत तेच केले, आणि पाण्याखाली गेलेली काही यंत्रे नंतर धुऊन-रंगवून बाजारात आली. कॉलमच्या मागचे झाकण काढून आत बॅटरीने पाहावे. एका उंचीवर गाळाची आडवी रेघ, कोपऱ्यांत वाळलेली माती आणि विद्युतपेटीत हिरवट पडलेली तांब्याची टोके दिसली, तर गाळ बेअरिंगांत आणि तेलाच्या नळ्यांतही गेला आहे असे धरावे. असे मशीन मी घेणार नाही.

आता आपल्या सिंगल फेजचा प्रश्न. त्यासाठी मशीन सोडण्याचे कारण नाही. २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन २३० व्होल्ट थ्री फेज देणारे ड्राइव्ह मिळतात, ज्यांना सर्वजण व्हीएफडी म्हणतात. टरेट मशीनची मोटर सहसा दोन-तीन अश्वशक्तीची असते आणि आपल्या देशात दोन अश्वशक्तीपर्यंतच्या ४१५ व्होल्टच्या मोटरी बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या आतल्या गुंडाळ्या जोडण्याच्या दोन पद्धती). मोटर स्टारमध्ये असेल आणि तिच्या पेटीत सहा टोके बाहेर काढलेली असतील, तर पट्ट्या बदलून तीच मोटर डेल्टामध्ये २३० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. म्हणून झाकण उघडून टोके मोजावीत आणि नामपट्टी वाचावी. तीनच टोके असतील किंवा मोटर दोन वेगांची असेल, तर हा मार्ग सरळ लागू होत नाही आणि मोटर बदलण्याचा खर्च धरावा लागतो. दोन अश्वशक्तीच्या मोटरला २.२ किलोवॉटचा ड्राइव्ह घ्यावा, त्याला स्वतंत्र एमसीबी आणि पक्के अर्थिंग द्यावे. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये मशीनचा जुना स्विच ठेवू नये, कारण चालू स्थितीत तिथे जोड तुटला तर ड्राइव्ह जळू शकतो. चालू-बंदची बटणे ड्राइव्हच्या नियंत्रणालाच जोडावीत. घरी थ्री फेज जोडणी घेण्याचा विचार असेल, तर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात आपल्या वापराचे स्वरूप सांगून आधी चौकशी करावी.

वीज नाही म्हणून मशीन चालवून दाखवता येत नाही, हे उत्तर उद्यमनगरात मी मान्य करत नाही. तिथे शेजारच्या गाळ्यात थ्री फेज असतेच. तात्पुरती जोडणी करून देण्याची विनंती करावी, तिचा खर्च आपण द्यावा. सर्व वेग एकेक करून ऐकावेत, सर्वांत वरच्या वेगावर पंधरा-वीस मिनिटे चालवून स्पिंडलच्या नाकाला हात लावावा. कोमट लागले तर ठीक, हात ठेवता आला नाही तर बेअरिंग बिघडले आहे किंवा जास्त आवळले आहे. बॅक गिअर टाकून खालच्या वेगावरही चालवावे. मग आपला स्वतःचा नवा एंड मिल आणि एक बिडाचा ठोकळा घेऊन कट घ्यावा, ठोकळा उलटा बांधून दुसरी बाजू घ्यावी आणि चारही कोपऱ्यांवर मायक्रोमीटर लावावा. जो विक्रेता हे करू देतो त्याच्याशी भावाची बोलणी मोकळेपणाने होतात.

भाव ठरवताना खालची मर्यादा भंगाराची असते, म्हणजे मशीनचे वजन गुणिले त्या दिवशीचा बिडाचा भंगार भाव. वरची मर्यादा स्लाइड ठरवते. मशीनसोबत व्हाइस, कोलेट, क्लॅम्पिंग सेट, बोरिंग हेड किंवा इंडेक्सिंग हेड मिळत असेल तर त्याचे पैसे आनंदाने द्यावेत, कारण हे सारे वेगळे घेताना मशीनच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम सहज जाते. सिलिंडरच्या प्रतिकृती करायच्या तर बोरिंग हेड आणि चांगला व्हाइस आपल्याला पहिल्याच महिन्यात लागेल. मशीनमागे सर्व पैसे संपवून व्हाइसशिवाय बसलेले छंदी लोक मी पाहिले आहेत.

हलवताना घाई करू नये. टरेट मशीन साधारण एक टनाचे असते आणि त्याचे वजन वर असते, त्यामुळे ते आडवे होण्याचा धोका खरा आहे. नी खाली उतरवावी, टेबल मध्यावर आणून लॉक करावे, रॅम (डोके धरणारा आडवा भाग) मागे घ्यावा आणि डोके फिरवून उलटे करावे. डोके फिरवताना ते दोघांनी धरावे, बोल्ट सैल होताच ते आपल्या वजनाने खाली येते. हायड्रा क्रेनने ट्रकमध्ये ठेवून चारही बाजूंनी पट्ट्यांनी बांधावे आणि घरी पाईपच्या रोलरवर पहारीने सरकवत आत न्यावे. त्याआधी शेडच्या दाराची रुंदी आणि पत्र्याची उंची मोजून ठेवावी, कारण ड्रॉ बार वरून काढायलाही जागा लागते. जमीन नुसत्या फरशीची असेल तर तेवढा भाग उकरून सहा इंच काँक्रीट ओतावे आणि ते पूर्ण पिकू द्यावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात पत्र्याखाली रात्री दव धरते, म्हणून काम संपल्यावर टेबलावर तेलाचा हात फिरवणे आणि कापडी झाकण घालणे जूनपासूनच सुरू करावे. प्लास्टिकचा कागद घालू नये, त्याखाली ओल कोंडते आणि गंज अधिक लवकर चढतो.

आपल्या समोरच्या मशीनबद्दल माझे मत असे. येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी जावे, तेल सोडून टेबल फिरवावे आणि वर सांगितल्याप्रमाणे गिब सैल करून डायल लावावी. टोकांचा जडपणा तेलाने गेला तर पुढची तपासणी करावी. जडपणा राहिला आणि काटा सहा शतांशाच्या आत असला, तर आपल्या प्रतिकृती शंभर-दीडशे मिलिमीटरच्या आतल्या आहेत, तेवढ्या कामाला हे मशीन पुरेल, मात्र भाव त्याप्रमाणे उतरवून मागावा. काटा दहाच्या पुढे गेला तर विक्रेत्याला ते समोर दाखवावे, आभार मानावेत आणि दुसरे मशीन पाहावे. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखाने व्हीएमसीकडे (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनकडे) वळत असल्याने अशी मशीने बाजारात येत राहतात, आणि त्यांतली काही टूलरूमची असतात.